चढउतार, झटका आणि गोदामातलं ९०० क्विंटल सोयाबीन

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. कारंजा लाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब तू बघतोस. गोदामात ९०० क्विंटल सोयाबीन आहे आणि त्यावर तारण कर्ज काढायचं आहे. बाजार समितीचे दहा वर्षांचे भाव आणि सोबत निफ्टीचे आकडे घेऊन तू गार्च मॉडेल, म्हणजे मागच्या चढउतारावरून उद्याचा चढउतार सांगणारं समीकरण, बसवलंस. रोजचा चढउतार ते बरा सांगतं, पण मोठा झटका येतो त्या दिवशी सपशेल चुकतं, आणि नंतर महिनाभर उगाच घाबरलेलं राहतं. झटका आधी ओळखता येईल का, त्यासाठी न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा संगणक-प्रोग्रॅम, तुझ्या चाचणीत त्याची अचूकता ९० टक्के आली) लावू का, कर्ज किती काढू, आणि झटक्याचा दिवस आधी सांगणाऱ्या एका ग्रुपची वर्गणी भरू का, असं तू विचारलं आहेस. ताई म्हणून विचारलंस, तेव्हा एकेरीतच लिहिते. मी अठरा वर्षं मुंबईत कमोडिटीच्या जोखीम विभागात होते. आता हिंगणघाटजवळ गावी असते. घरचं कापूस-सोयाबीनचं वावर आहे, त्यामुळे स्क्रीनवरचा भावही बघितलाय आणि हर्रासात पुकारला जाणारा भावही.

आधी एक गोष्ट पक्की कर. चढउतार म्हणजे भावाचं रोजचं हलणं आणि झटका म्हणजे एकाच फटक्यात आलेली मोठी उडी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा अंदाजही वेगवेगळ्या पद्धतीने बांधायचा असतो. तुझं मॉडेल चुकलं असं मी म्हणणार नाही. एका औताला तू दोन कामं लावलीस.

चढउताराला स्मृती असते. बाजार आज अस्वस्थ असेल तर उद्याही बहुधा अस्वस्थच असतो. माल एकाच दिवशी सगळ्यांच्या हातून फिरत नाही, बातमी एकाच दिवशी सगळ्यांना पचत नाही. सोयाबीन तेलाचा प्लांटवाला आज थांबतो, अडत्या उद्या भाव बदलतो, कास्तकार परवा गाडी भरतो. हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते कापसाच्या भावांवरून, हे मला आपल्या भागासाठी फार मोलाचं वाटतं. बेनुआ मँडेलब्रॉट यांनी १९६३ साली कापसाच्या जुन्या भावांचा अभ्यास करून दोन गोष्टी मांडल्या. मोठे बदल घंटेच्या आकाराच्या आलेखाला (बहुतेक आकडे सरासरीजवळ, टोकाला फार थोडे) धरून जितके यावेत त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा येतात, आणि मोठ्या बदलामागे मोठाच बदल येतो, वर किंवा खाली कसाही. पुढे १९८२ मध्ये रॉबर्ट एंगल यांनी ब्रिटनच्या महागाईच्या आकड्यांवर आर्च मॉडेल बसवलं, १९८६ मध्ये टिम बोलरस्लेव्ह यांनी त्याचं गार्च केलं. एंगल यांना २००३ चं अर्थशास्त्राचं नोबेल याच कामासाठी मिळालं. म्हणजे तू वापरतोस ते अवजार चांगलं आहे, फक्त ते स्मृतीवर चालतं. जे आधी कुजबुजलंच नाही, त्याची स्मृती कुठून येणार?

आता ते महिनाभर घाबरलेलं का राहतं, हे आकड्यांत बघ. समजा नेहमीचा रोजचा चढउतार १.५ टक्के आहे, म्हणजे विचरण, चढउताराचा वर्ग, २.२५. तुझ्या मॉडेलमध्ये आजच्या धक्क्याचं वजन ०.१० आणि कालच्या विचरणाचं ०.८८ आहे. दोन्ही मिळून ०.९८, उरलेले ०.०२ दीर्घकालीन सरासरीकडे ओढतात. एके दिवशी भाव ८ टक्के पडला. उद्याचं विचरण किती? ०.०४५ अधिक ०.१० गुणिले ६४ अधिक ०.८८ गुणिले २.२५, म्हणजे ८.४ च्या आसपास. वर्गमूळ काढलं की २.९ टक्के. एका दिवसात मॉडेलच्या लेखी बाजाराची अस्वस्थता जवळपास दुप्पट झाली. आणि ही जादा भीती रोज ०.९८ पटीनेच उतरते, म्हणजे निम्मी व्हायला बाजाराचे ३४ दिवस लागतात. तुझा महिना आला तो इथून. पण ती घसरण सरकारच्या एका अधिसूचनेने आली असेल, तर बाजार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नव्या भावावर शांत बसलेला असतो. मॉडेल मात्र मागचाच धक्का उगाळत राहतं.

उलट बाजूही बघ. ८ टक्के म्हणजे १.५ च्या पाच पटींहून जास्त. घंटेचा आलेख खरा मानला तर असा दिवस हजारो वर्षांत एकदा यायला हवा. आपल्या सोयाबीनने असे दिवस दहा वर्षांत किती दाखवले ते तुझ्याच फाइलमध्ये मोज. म्हणून पहिली दुरुस्ती: मॉडेलमध्ये धक्क्यांचं वाटप घंटेच्या आलेखाऐवजी जाड शेपटीचं, म्हणजे स्टुडंट-टी, घे. दुसरी: धक्क्याला कमाल मर्यादा घाल. तेव्हाच्या चढउताराच्या चौपटीपुरताच धक्का समीकरणात शिरू दे, त्यावरचा भाग झटका म्हणून वेगळ्या वहीत लिही. वरच्या उदाहरणात ६४ ऐवजी ३६ शिरतील आणि उद्याचा अंदाज २.९ ऐवजी साधारण २.४ येईल. एवढ्यानेही तुझा घाबरलेला महिना बराच निवळेल.

निफ्टीसाठी याहून नेमकी पद्धत आहे, कारण तिथे दर पाच मिनिटांचे भाव मिळतात. सव्वानऊ ते साडेतीन म्हणजे ३७५ मिनिटं, पाच-पाच मिनिटांचे ७५ तुकडे. प्रत्येक तुकड्यातल्या टक्केबदलाचा वर्ग करून बेरीज केली की त्या दिवसाचा प्रत्यक्ष चढउतार मिळतो, त्यात झटकाही धरलेला असतो. मग दुसरी बेरीज करायची. यात वर्ग घ्यायचे नाहीत, शेजारच्या दोन तुकड्यांचे चिन्ह सोडून गुणाकार घ्यायचे आणि एकूण बेरजेला १.५७ ने गुणायचं. ही बार्नडॉर्फ-नील्सन आणि शेफर्ड यांची २००४ ची युक्ती. सहा तुकडे घेऊन बघ: ०.२, −०.३, ०.१, ३.०, −०.२, ०.३. वर्गांची बेरीज ९.२७. शेजाऱ्यांच्या गुणाकारांची बेरीज १.०५, १.५७ ने गुणल्यावर १.६५. झटका एकाच तुकड्यात बसतो आणि त्याचे दोन्ही शेजारी लहान असतात, म्हणून गुणाकारात त्याचा जोर मरतो. दोन बेरजांतला फरक, साधारण ७.६, हा झटक्याचा वाटा. अँडरसन, बोलरस्लेव्ह आणि डीबोल्ड यांनी २००७ मध्ये दाखवलं की उद्याचा चढउतार सांगायला झटका काढून उरलेला भागच कामाचा असतो, झटक्याचा भाग फारसं काही सांगत नाही. उद्याचा अंदाज काढायला कालचा, गेल्या ५ दिवसांच्या सरासरीचा आणि गेल्या २२ दिवसांच्या सरासरीचा चढउतार, असे तीन रकाने घेऊन साधं रेषीय समीकरण बसव. ही कोर्सी यांची पद्धत. दिसायला बाळबोध आहे, पण मी वर्षानुवर्षं वापरली आणि भल्याभल्या गुंतागुंतीच्या मॉडेलांना तिच्यापुढे हार मानताना पाहिलं.

आता बाजार समितीच्या आकड्यांकडे ये. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुझी खरी चूक मला इथे दिसते. तू लिहिलंयस की दिवसाचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त दर घेऊन तू पार्किन्सनच्या सूत्राने चढउतार काढतोस. ते सूत्र शेअर बाजारासाठी चोख आहे, कारण तिथे दिवसभरात एकाच वस्तूचा भाव खाली-वर होतो. बाजार समितीच्या फलकावरचा कमी-जास्त दर ही काळाची गोष्टच नाही, ती मालाची गोष्ट आहे. हर्रासाला उभा राहून बघ. पहिली ढेरी दिवाळीआधीची, हातात घेतली तर दाणा दबतो, ओलावा मोजायच्या यंत्रावर १८ दाखवतं. व्यापारी मूठ उघडून दाणे परत टाकतो आणि भाव तोडून बोलतो. दोन ढेऱ्या सोडून पुढे १० टक्के ओलाव्याचा, चाळणी मारलेला, पिवळाधमक माल पडलेला असतो, तो बियाण्यासाठी उचलला जातो आणि त्याची बोली भलतीकडेच जाते. दोन्ही बोली दहा मिनिटांत झाल्या. या दोघांतल्या फरकाला तू चढउतार म्हटलंस तर तो ओलाव्याचा चढउतार झाला, भावाचा नव्हे.

सर्वसाधारण दरातही हीच भेसळ आहे, फक्त कमी. परतीचा पाऊस सोंगणीत सापडला की आठवडाभर डागी, ओला माल येतो आणि सर्वसाधारण दर खाली बसतो. तुझ्या फाइलमध्ये तो झटका दिसेल, पण त्याच दिवशी प्लांटचा भाव जागचा हललेला नसतो. म्हणून माझा नियम असा. कारंजा, वाशिम, अकोला, अमरावती असे किमान चार बाजार घे. खरा झटका एक-दोन दिवसांत चारही ठिकाणी दिसतो. एकाच बाजारात दिसला तर तो मालाचा, हमाल-मापाऱ्यांच्या कामबंदीचा किंवा आकडा चुकीचा भरल्याचा. दुसरं, आवक बघ. हंगामाच्या शेवटी ४० क्विंटल आवकेवर निघालेला दर आणि ऐन हंगामातला हजारो क्विंटलवर निघालेला दर एका तराजूत तोलू नकोस. कमी आवकेचे दिवस सरळ गाळ. तिसरं, दिवाळीत बाजार आठवडाभर बंद असतो. उघडल्यावरचा बदल एका दिवसाचा नसतो, त्याला एका दिवसाचा मानून गार्चमध्ये घातलास तर दर दिवाळीला तुझं मॉडेल उसळेल. आणि शक्य तिथे प्लांटच्या फाटकावरचा भाव मिळव. तिथे ओलाव्याची कपात वेगळी असते, म्हणून तो भाव जास्त स्वच्छ असतो.

वायद्याचे, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांचे, जुने आकडे वापरणार असशील तर एवढं लक्षात ठेव: तिथे रोजच्या बदलाला कमाल मर्यादा असते. १० टक्क्यांचा झटका मर्यादेत अडकून दोन-तीन दिवसांत वाटला जातो आणि मॉडेलला वाटतं की आज पडलं की उद्याही पडतं. तो अंदाज वापरून कुणी पैसे कमावत नाही, कारण त्या दिवशी समोर घेणारा नसतो. सोयाबीनचा वायदा तर बाजार नियामक सेबीने २० डिसेंबर २०२१ ला सात शेतमालांच्या यादीत घालून बंद केला आणि ती बंदी पुढे वाढवतच नेली. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात सरकी ढेपेचा वायदा अकोला केंद्र धरून चालत आला, कापूसवाल्यांनी तो जरूर बघावा, पण तुझ्या सोयाबीनला देशातली ती खिडकी २०२१ मध्येच मिटली. मला ही बंदी चुकीची वाटते. भाव पुढे कुठे जाईल याचा सामूहिक अंदाज दिसण्याची जागाच त्यामुळे गेली आणि नुकसान लहान विकणाऱ्याचं झालं.

एक बारकावा मधेच सांगते. शेअर बाजारात भाव पडला की चढउतार वाढतो. शेतमालात बरेचदा उलट असतं: साठा संपत आला की भाव चढतो आणि चढता भावच अस्वस्थ असतो. त्यामुळे निफ्टीसाठी बसवलेलं असमान गार्च, म्हणजे पडत्या आणि चढत्या भावाला वेगळं वजन देणारं, जसंच्या तसं सोयाबीनला लावू नकोस. चिन्ह कुठलं येतं ते आकड्यांनाच ठरवू दे.

आता झटक्यांकडे. माझ्या मते त्यांचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाबद्दल आधी सांगता येण्यासारखं काही वेगळं असतं.

पहिला, तारीख ठाऊक आणि दिशा अज्ञात. १ फेब्रुवारीचं बजेट, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, निवडणुकीचा निकाल. सोयाबीनसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याचा मासिक पुरवठा-मागणी अहवाल, जो आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला येतो. इथे ऑप्शनचा, म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्कांचा, बाजार तुला झटक्याचा आकार आधीच सांगतो. २०२४ च्या लोकसभेचं उदाहरण घे. इंडिया व्हीआयएक्स, म्हणजे ऑप्शनच्या किमतींवरून काढलेला निफ्टीचा अपेक्षित चढउतार, २३ एप्रिलला १० च्या आसपास होता, मेअखेर २४ च्या पुढे गेला. व्हीआयएक्स हा वार्षिक टक्का, पुढच्या ३० दिवसांसाठीचा. २४ चा वर्ग भागिले २५२ म्हणजे दिवसाचं विचरण २.२९. महिन्यात बाजाराचे साधारण २१ दिवस, एकूण ४८. आता समज, साधा दिवस ०.८ टक्क्यांचा आहे, विचरण ०.६४. असे २० दिवस म्हणजे १२.८. उरले ३५.२, ते सगळे एका दिवसाच्या वाट्याला दिले तर वर्गमूळ ५.९ टक्के. ४ जून २०२४ ला निफ्टी ५.९३ टक्के पडला. आकडा इतका जुळणं हा योगायोग आहे, त्याला सिद्धता समजू नकोस. आदल्या दिवशी, ३ जूनला, एक्झिट पोलवर निफ्टी ३.२५ टक्के चढलाही होता, आणि व्हीआयएक्समध्ये विमा विकणाऱ्याचा नफाही मिसळलेला असतो. पण बाजार एका मोठ्या दिवसाची किंमत आधीच लावत होता, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं. वर जाणार की खाली, हे मात्र त्या आकड्यात कुठेच नव्हतं.

दुसरा प्रकार आपल्या कामाचा: तारीख अज्ञात, पण दाब दिसतो. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन १०,००० रुपये क्विंटलच्या पुढे गेलं होतं, हमीभाव होता ३,९५०. कुक्कुटपालनवाले सोयापेंड आयात करू द्या म्हणून मागे लागले होते. ऑगस्टमध्ये सरकारने जीएम (जनुक बदललेल्या) सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला परवानगी दिली, आणि नवा माल येईतो भाव जवळपास निम्म्यावर आला. ती तारीख आधी कुणी सांगू शकलं नसतं. पण हमीभावाच्या अडीच पट भाव, वापरणाऱ्या उद्योगाची उघड मागणी आणि तोंडावर आलेला हंगाम या तीन गोष्टी एकत्र आल्यावर हस्तक्षेपाची शक्यता नेहमीच्या कितीतरी पट होती, हे बातम्या वाचणाऱ्या कुणालाही दिसत होतं. याचं मॉडेल करायचं तर भाव हमीभावाच्या किती पट आहे, खाद्यमहागाई किती आहे, आयात-निर्यातीच्या नियमात गेल्या तीन महिन्यांत बदल झालाय का, असे तीन-चारच रकाने घे आणि महिन्याभरात झटका येण्याची शक्यता काढणारं साधं लॉजिस्टिक समीकरण बसव.

पण दाब ओळखला म्हणजे दिशा ओळखली असं समजू नकोस. एप्रिल २०२२ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना वाटलं की आता भाव कोसळणार. मेमध्ये रुईची खंडी (सुमारे ३५६ किलो) लाखाच्या वर होती, कारण जगाचा भावच चढत होता. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं, तेव्हा सोयाबीन उसळेल असं वाटलं. हंगामात भाव ४,८९२ च्या हमीभावाखालीच घुटमळला. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसाचं शुल्क पुन्हा काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. शेवटचं उदाहरण मुद्दाम दिलं, कारण झटक्याला झटका चिकटतो. ५ मार्च २०१२ ला कापसाच्या निर्यातीवर बंदी आली आणि आठवड्याभरात ती मागेही घेतली गेली. एक अधिसूचना आली की पुढच्या काही आठवड्यांत दुसरी येण्याची शक्यता चढलेली धर आणि ती हळूहळू उतरव. शास्त्रात याला हॉक्स प्रक्रिया म्हणतात. भूकंपानंतरच्या हादऱ्यांसाठीही तीच वापरतात.

तिसरा प्रकार, ना तारीख ना दाब. तिथे फक्त आकाराची तयारी ठेवायची. २३ मार्च २०२० ला निफ्टी जवळपास १३ टक्के पडला, मधे ४५ मिनिटं बाजार थांबवावा लागला. त्याच वर्षी २० एप्रिलला अमेरिकेत कच्चं तेल उणे ३७.६३ डॉलरवर बंद झालं आणि आपल्या एमसीएक्स वायदे बाजारातला सौदा उणे २,८८४ रुपयांनी मिटवला गेला. त्या रात्री आमच्या विभागातल्या जोखमीच्या तक्त्यात उणे भाव टाकायची सोयच नव्हती, रकाना लाल होऊन थांबला. उणे आकड्याचा लॉगॅरिदम निघतच नाही, त्यामुळे किमतीचा लॉगॅरिदम घेणारं प्रत्येक मॉडेल तिथे मुकं झालं. त्यानंतर कुठल्याही मॉडेलला मी आधी विचारते की तू कुठली गोष्ट अशक्यच धरली आहेस.

न्यूरल नेटवर्कबद्दल थोडक्यात. निफ्टीच्या पाच मिनिटांच्या आकड्यांवर खुशाल कर, तिथे नमुने लाखांत आहेत. सोयाबीनच्या धोरणी झटक्यांचे तुझ्याकडे दहा वर्षांत दहा-पंधरा नमुने असतील, त्यावर नेटवर्क फक्त पाठांतर करेल. आणि तुझी ९० टक्के अचूकता मला खरी वाटत नाही. तू आकडे सरमिसळ करून शिकवणीचे आणि परीक्षेचे वेगळे केलेस, म्हणजे सप्टेंबर २०२१ शिकवून ऑगस्ट २०२१ विचारलास. काळाच्या क्रमानेच पुढे सरक: २०१९ पर्यंत शिकव, २०२० विचार, मग २०२० पर्यंत शिकव, २०२१ विचार. शिवाय अधिसूचना संध्याकाळी उशिरा निघाली असेल तर ती त्या दिवसाच्या हर्रासाला ठाऊक नव्हती, तिला दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात टाक.

आणि प्रत्येक नुकसान झटक्यानेच होतं असं नाही. २०२१-२२ चा भाव बघून पुढच्या वर्षी आमच्या घरी कापूस विकलाच नाही. बैठकीच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला होता. घरातल्या लेकरांच्या अंगावर खाजेचे चट्टे उठले, तरी दादा म्हणायचा, थांबू. डिसेंबरात नऊ हजारांच्या आसपास असलेला भाव उन्हाळ्यापर्यंत सात हजारांकडे आला. एकाही दिवशी झटका नव्हता. रोज पन्नास, कधी तीस, कधी दोन दिवस काहीच नाही. माझ्या मॉडेलने त्या सहा महिन्यांत एकदाही घंटा वाजवली नाही आणि ते बरोबरच होतं, कारण चढउतार कमीच होता. मॉडेल भाव किती हलेल ते सांगतं, कुठे सरकेल ते नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं, त्या खोलीत समजलं.

आता तुझं कर्ज. ९०० क्विंटल, समजा ४,५०० भावाने ४०.५ लाखांचा माल. राज्य पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीनवर ७५ टक्क्यांपर्यंत, १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने कर्ज मिळतं. बँकेकडून काढलंस तर व्याज जास्त, आणि भाव पडला की आणखी पैसे किंवा माल भरायचा तगादा येतो. ७५ टक्के म्हणजे ३० लाख ३७ हजार. माल तीन महिने ठेवणार असशील तर साधारण ६० बाजारदिवस धर. रोजचा चढउतार, भेसळ गाळल्यावर, १.२ टक्के निघाला असं मानू. ६० चं वर्गमूळ ७.७५, म्हणजे तीन महिन्यांचा चढउतार ९.३ टक्के, दुप्पट धरला तर १८.६. भाव ३,६६३ वर येतो. त्यावर १२ टक्क्यांचा एक झटका सरळ वजा कर. झटका चढउतारात मिसळून वर्गमुळात विरघळवायचा नाही, ही चूक बँकेतले लोकही करतात. उरला ३,२२३, माल २९ लाखांचा. कर्जावर तीन महिन्यांचं व्याज धरून देणं ३० लाख ८३ हजार. पावणेदोन लाखांवर खड्डा, तो सभासदांच्या भागभांडवलातून भरावा लागेल. ६० टक्केच कर्ज काढलंस तर देणं २४ लाख ६६ हजार आणि सगळं वाईट एकत्र येऊनही चार लाखांवर शिल्लक. माझं मत स्पष्ट आहे: ६० टक्के काढ, आणि माल एकदम न ठेवता तीन हिश्श्यांत विक, त्यातला एक आत्ताच.

हमीभावाचा आधार आहे असं तुझे संचालक म्हणतील. हमीभावाची खरेदी शेतकऱ्याच्या नोंदणीवर आणि सातबाऱ्यावर होते, कंपनीच्या गोदामात एकत्र झालेल्या मालावर नाही, आणि ओलाव्याची अट वेगळी. तो आधार या हिशेबात धरू नकोस.

मॉडेल बरं चाललंय का हे तपासायला एक वही पुरते. १०० तल्या एका दिवशीच ओलांडली जावी अशी तोट्याची सीमा रोज लिही. ५०० दिवसांत ती पाचच्या आसपास वेळा ओलांडली जावी. पंधरा वेळा गेली तर चढउतार कमी धरलाय, एकदाही गेली नाही तर उगाच घाबरतोयस. पाचही वेळा एकाच आठवड्यात गेली असेल तर झटक्याचा भाग कच्चा आहे. झटक्याच्या शक्यतेसाठी दर सोमवारी एक टक्का लिही आणि तारीख टाक. १० टक्के लिहिलेले ३० सोमवार झाले की त्यातल्या साधारण तिघांमागे झटका आलेला असावा.

त्या ग्रुपच्या वर्गणीचं उत्तरही याच वहीत आहे. त्यांना सांग, गेल्या दोन वर्षांत तुम्ही सांगितलेले सगळे दिवस द्या, आलेले आणि न आलेलेही, प्रत्येकाची पाठवल्याची तारीख आणि वेळ दिसेल असे. दोन-चार बरोबर आलेल्यांचे फोटो पाठवले तर वर्गणी भरू नकोस. पूर्ण यादी मिळाली तर मला पाठव, चार बाजारांच्या भावांशी मी स्वतः लावून बघते.